कांद्याच्या मुळीतलं पेशीविभाजन: वर्गात चालतील असे फोटो कसे काढायचे?

बावडा_विज्ञान (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दहावीचं सूत्री विभाजन आणि अकरावीचं पेशीचक्र शिकवताना पुस्तकातल्या आकृतीबरोबर इथल्याच प्रयोगशाळेत काढलेले फोटो दाखवायचे आहेत. तयार स्लाइडींचा रंग उडालाय. शिवाय चाळीस मुलं आणि एक मायक्रोस्कोप, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट. त्यात मूल नेमकं काय बघतं ते त्यालाच ठाऊक.

हाताशी आहे ते असं: एलईडी दिव्याचा बायनॉक्युलर मायक्रोस्कोप, आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) १०एक्स/१८, ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची भिंगं) ४, १०, ४० आणि तेलाचं १००. नळीत बसणारा ५ मेगापिक्सेलचा यूएसबी कॅमेरा. ४८ मेगापिक्सेलचा मोबाइल आणि त्याची आयपीसवर अडकवायची पकड. रंग म्हणून तयार ॲसिटोकार्माइन. कांदे लक्ष्मीपुरीतून आणलेले.

अडचणी:
१) दहा कांदे पाण्यावर ठेवले, चारांनाच मुळ्या फुटल्या. त्यातल्या दोनांचा तळ कुजला.
२) ४०एक्सखाली पेशी एकावर एक, सगळंच गुलाबी, गढूळ. विभाजनातल्या पेशी एका दृश्यात फार तर दोन-तीन.
३) मोबाइलच्या फोटोत आडवे काळे पट्टे येतात. यूएसबी कॅमेऱ्यात सगळं हिरवट दिसतं.
४) ४८ मेगापिक्सेलचा फोटो ए-३ कागदावर छापला तरी धूसरच.

आणि फोटो जमले तर वर्गात ते नुसते ‘बघा’ म्हणून दाखवण्यापलीकडे कसे वापरावेत?

---

मूलाग्र

मॅडम, कॅमेरा थोडा बाजूला ठेवा. तुमचा दोन नंबरचा मुद्दा सुटला की तीन आणि चार निम्मे आपोआप सुटतात. असा फोटो स्लाइडवरच बिघडलेला असतो, कॅमेरा फक्त ते उघडं करतो.

कांदा. नुकताच काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो, तो लवकर मुळ्या धरत नाही. कोंब येऊ नयेत म्हणून किरणांचा मारा केलेला कांदाही निरुपयोगी, कारण त्यात विभाजनच थांबवलेलं असतं. दोन-तीन महिने साठवलेला, घट्ट, मध्यम आकाराचा घ्या. तळाच्या चकतीवरच्या जुन्या वाळक्या मुळ्या ब्लेडने खरवडून काढा, पण चकतीच्या कडेला जखम करू नका, नव्या मुळ्या तिथूनच फुटतात. काचेच्या ग्लासवर असा बसवा की पाणी चकतीला जेमतेम टेकेल. कांदा बुडाला की कुजलाच. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा, क्लोरीन उडून जातो. पाणी रोज बदला आणि ग्लासला काळा कागद गुंडाळा.

तापमान २० ते २५ अंश हवं. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात दुपारी खोली पस्तिशीच्या पुढे जाते, तेव्हा ग्लास ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा. नाहीतर सरळ लसूण घ्या. पाकळीचा बूड पाण्याला टेकवला की दोन दिवसांत मुळ्या येतात. गुणसूत्रंही कांद्याइतकीच, १६, आणि तेवढीच ठळक. मुलं मोड आलेली मटकी किंवा मूग घेऊन येतात, पण त्यांची गुणसूत्रं २२ आणि अगदी बारीक, ४०एक्सला ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. मटकी मिसळीलाच बरी.

मुळी दीड-दोन सेंटीमीटरची झाली की तोडा. लांब, जुन्या मुळीत विभाजन मंदावतं.

फिक्सिंग, म्हणजे पेशी आहे त्या अवस्थेत थांबवणं. ॲब्सोल्युट अल्कोहोल ३ भाग, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड १ भाग. हे मिश्रण त्याच दिवशी करायचं. ठेवून दिलं की दोन्हींची आपसात क्रिया होऊन इथाइल ॲसिटेट बनतं. बाटलीला फळासारखा गोड वास आला तर ओतून टाका. मुळी तोडून थेट मिश्रणात, मध्ये वेळ घालवायचा नाही. साधारण सकाळी ७ ते ९ दरम्यान तोडतात, पण घड्याळाहून तापमान महत्त्वाचं. रात्र थंड गेली असेल तर मुळ्यांना दोन-तीन तास ऊब मिळू द्या. मिश्रणात १२ ते २४ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. ॲब्सोल्युट मिळवणं शाळेला परवान्यामुळे जड जातं. ९५ टक्क्यांचं रेक्टिफाइड स्पिरिट चालतं. निळं डिनेचर्ड स्पिरिट नको.

फिक्सेटिव्ह मिळालंच नाही तर ताजी मुळी थेट खालच्या पायरीला घ्या. फोटो थोडा कमी स्वच्छ येईल इतकंच.

मऊ करणं आणि रंगवणं. तुमच्या पेशी एकावर एक दिसतात त्याचं कारण इथे आहे. पेशींना चिकटवणारं पेक्टिन सुटलेलं नाही. वॉच ग्लासमध्ये ॲसिटोकार्माइनचे ९ थेंब आणि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडचा १ थेंब घ्या, त्यात मुळ्या टाका. स्पिरिट लॅम्पवर वाफ दिसेपर्यंत गरम करायचं, उकळू द्यायचं नाही. असं तीन-चार वेळा, मग झाकून २० मिनिटं. उकळलं तर कार्माइनचे काळपट कण पडतात आणि ते फोटोत गुणसूत्रांसारखे दिसून मुलांची दिशाभूल करतात.

१ नॉर्मल ॲसिड करताना बाटलीवर ३५ टक्के लिहिलं असेल तर ८.८ मिली, ३७ टक्के असेल तर ८.३ मिली. आधी ६०-७० मिली डिस्टिल्ड वॉटर, त्यात सावकाश ॲसिड, मग एकूण १०० मिली करा. पाण्यात ॲसिड, उलट कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि हे काम मुलांच्या हाती द्यायचं नाही.

तयार रंग फिका पडला असेल तर घरीच करा. ग्लेशियल ॲसेटिक ४५ मिली, पाणी ५५ मिली, उकळी आणून १ ग्रॅम कार्माइन, मंद आचेवर दहाएक मिनिटं, खिडकी उघडी ठेवून. गार करून गाळा. पुढे स्लाइडवर रंगाच्या थेंबात गंजलेली लोखंडी सुई घोळवली की लाल रंग जांभळटाकडे झुकतो आणि गुणसूत्रं गडद होतात. लोह रंगाला धरून ठेवतं. सुई फार वेळ फिरवली तर मात्र सगळी पेशीच काळवंडते.

टोक कापणं. मुळी बाहेर काढल्यावर टोकाचा १ ते २ मिमी भाग बाकीपेक्षा गडद दिसतो, कारण तिथे पेशी लहान आणि केंद्रकं दाटीवाटीने असतात. तेवढंच ठेवा, बाकी फेकून द्या. ‘एका दृश्यात दोनच’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. पाच मिमी तुकडा घेतला की त्यात वाढणाऱ्या भागातल्या लांबट पेशी भरतात, आणि त्या विभाजन संपवून बसलेल्या असतात. दृश्यात विटांसारख्या लांब पेशी आणि बारीक केंद्रकं दिसली तर स्लाइड बाद.

दाबणं. हा सगळ्या प्रकारातला नाजूक क्षण आहे. टोक ४५ टक्के ॲसेटिक ॲसिडच्या एका छोट्या थेंबात ठेवा, सुईने दोन-तीन तुकडे करा, वर कव्हरस्लिप. आता काडेपेटीतल्या काडीच्या गुल नसलेल्या टोकाने कव्हरस्लिपवर मधोमध हलके ठोके द्यायचे, पंचवीस-तीस. एका बोटाने कव्हरस्लिपचा कोपरा धरून ठेवा. पहिल्या चार-पाच ठोक्यांत काही होत नाही. मग तुकड्याची कड विरघळल्यासारखी होते आणि गुलाबी ढग चारी बाजूंना पसरतो. तो वर्तमानपत्रावर धरला की खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. अक्षरं झाकली जात असतील तर ठोके चालू ठेवा. मग टिपकागदाच्या घडीत स्लाइड ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा जरा जरी सरकला तर पेशी लाटल्या जातात, पश्चावस्थेतली (दोन टोकांकडे सरकणारी) गुणसूत्रं एका बाजूला ओढलेली दिसतात, आणि असा फोटो वर्गात चुकीचंच शिकवतो.

पेशीद्रवही गुलाबी राहिला असेल तर कव्हरस्लिपच्या एका कडेला ४५ टक्के ॲसेटिकचा थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद, आणि स्लाइड खालून किंचित कोमट करा. पेशीद्रवाचा रंग उतरतो, गुणसूत्रांचा राहतो. शेवटी कडा नेलपॉलिशने बंद करा. फोटोला दोन-तीन दिवस मिळतात, फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवडाभर.

---

कळलावी

वरचं सगळं ठीक, पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा मुळ्या आधी ०.०५ टक्के कोल्चिसिनमध्ये तीन तास ठेवा. गुणसूत्रं ओढणारे तुर्कतंतू तयारच होत नाहीत, पेशी मध्यावस्थेत (गुणसूत्रं पेशीच्या मधोमध येतात ती अवस्था) अडकून साचतात. गुणसूत्रं आखूड होतात, सुटी सुटी पसरतात, सोळाच्या सोळा मोजता येतात. फोटो नाद खुळा येतो!

---

मूलाग्र

गुणसूत्रांची संख्या दाखवायला उत्तम, विभाजन शिकवायला नाही. तुर्कतंतूच नाहीत म्हटल्यावर पश्चावस्था आणि अंत्यावस्था दिसणारच नाहीत, मुलांना तीच तर दाखवायची असते. मोजणीही खोटी पडते, कारण अडकलेल्या पेशींमुळे विभाजनाचं प्रमाण फुगतं.

आणि कोल्चिसिन विष आहे. आपलं नाव ज्या कळलावीवरून घेतलंय तिच्या कंदात तेच असतं, म्हणून ती पोटात गेली की जिवावर बेतते. शाळेच्या कपाटात ते नको. सुट्या गुणसूत्रांचा फोटो हवाच असेल तर मुळ्या तोडण्याआधी कांद्याचा ग्लास बर्फाच्या पाण्यात २४ तास ठेवा. थंडीनेही तुर्कतंतू मोडतात. परिणाम कोल्चिसिनइतका जोरदार नसतो, पण धोका शून्य.

---

आयरिस_पाऊण

आता कॅमेऱ्याकडे. आधी चार नंबर घेतो, कारण त्यात मोठा गैरसमज दडलाय.

४०एक्स ऑब्जेक्टिव्हवर ०.६५ लिहिलेलं असतं. तो त्याचा न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं त्याचं माप. हिरव्या प्रकाशात (०.५५ मायक्रॉन) वेगळे दिसू शकणारे दोन बिंदू किती जवळ असतील, तर ०.६१ × ०.५५ ÷ ०.६५, म्हणजे सुमारे ०.५२ मायक्रॉन. हा तपशील पकडायला एका पिक्सेलमध्ये ०.२६ मायक्रॉन बसला तरी पुरे. तुमच्या आयपीसवरचा १८ हा आकडा फील्ड नंबर आहे, म्हणजे आयपीसमधल्या दृश्यवर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४०एक्सला दिसणारं वर्तुळ १८ ÷ ४० = ०.४५ मिमी, म्हणजे ४५० मायक्रॉनचं. त्यात बसणारी आयताकृती चौकट साधारण ३६० × २७० मायक्रॉन. भागाकार करा: सुमारे १४०० × १०५० पिक्सेल. दीड मेगापिक्सेल! रंगीत सेन्सरच्या जाळीमुळे थोडं जास्त लागतं असं धरलं तरी ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा भरपूर झाला. ४८ मधले बाकीचे धूसरपणाच मोठ्या अक्षरांत लिहितात.

मग ए-३ छापायचा कसा? एक फोटो ताणायचा नाही. शेजारशेजारची सहा दृश्यं काढा, दोन ओळी, प्रत्येकीत तीन. दर दोन फोटोंत ३० टक्के भाग सामायिक ठेवा आणि जोडा. फिजी नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडणीची सोय आहे. ते इमेजजे या प्रतिमा मोजायच्या सॉफ्टवेअरचंच भरगच्च रूप. सहाही फोटोंना एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगजुळणी) एकच, हाताने ठरवलेला. ऑटोवर ठेवलं तर जोडांवर चौकोनी ठिगळं दिसतात.

धूसरपणाची दुसरी कारणं. पहिला संशय ४०एक्सच्या काचेवर. कुणीतरी १००एक्सला तेल लावतं आणि परत येताना ४०एक्स त्याच तेलातून फिरवतं. ४०एक्स कोरडं ऑब्जेक्टिव्ह आहे, त्यावर तेलाचा पापुद्रा आला की प्रतिमेवर धुकं पसरतं. ऑब्जेक्टिव्ह काढा, एक आयपीस उलटा धरून भिंगासारखा वापरा आणि पुढची काच बघा. तेल लगेच दिसतं. लेन्स पेपरवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घ्या, मधून कडेकडे गोल पुसा. रुमाल नको, साडीचा पदर तर नकोच.

दुसरा संशय कव्हरस्लिपवर. ऑब्जेक्टिव्हवर ‘०.१७’ असतं, ती कव्हरस्लिपची अपेक्षित जाडी मिलिमीटरमध्ये. ‘नंबर दीड’ची पेटी मागा. दोन कव्हरस्लिपा चिकटून एकत्र आल्या तर ४०एक्सला काहीच धारदार दिसत नाही, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

प्रकाश. कंडेन्सर (स्लाइडखालचं प्रकाश एकवटणारं भिंग) वर न्या, मग मिलिमीटरभर खाली. स्लाइडवर फोकस करा. एक आयपीस काढून रिकाम्या नळीतून खाली बघा, उजेडाची गोल चकती दिसेल. आयरिस (कंडेन्सरमधली लहान-मोठी होणारी झडप) बंद करत जा, चकतीचा व्यास तीन-चतुर्थांश राहिला की थांबा. पूर्ण उघडी ठेवली तर प्रतिमा धुपते, फार मिटली तर गुणसूत्रांभोवती काळ्या-पांढऱ्या कडा उमटतात आणि ०.५२ चा आकडा बिघडतो. उजेड कमी-जास्त करायला आयरिस वापरण्याची सवय मोडा, ते काम दिव्याच्या बटणाचं.

पण इथे तुमचे काळे पट्टे येतात. बरेच एलईडी दिवे मंद करताना खरं तर वेगाने चालू-बंद होत असतात, आणि मोबाइलचा सेन्सर ओळीओळीने वाचतो. म्हणून पट्टे. दिवा पूर्ण ठेवा. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० करा, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची आणि तिची लुकलुक सेकंदाला १०० वेळा. आयएसओ ५० ते १००. तरी उजेड जास्त वाटला तर दिव्यावर बटर पेपरचा तुकडा ठेवा, त्याने उजेड एकसारखाही होतो.

हिरवटपणा. दृश्य सगळं गुलाबी असलं की ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं हा दिव्याचाच रंग, म्हणून तो उलट हिरवा मिसळतो. स्लाइड सरकवून पेशी नसलेली रिकामी काच समोर आणा, तिथे व्हाइट बॅलन्स ठरवा, लॉक करा, मग पेशींकडे परत या.

छापायला रंग नकोच असेल तर दिव्यावर हिरवा फिल्टर ठेवून कृष्णधवल फोटो घ्या. कार्माइन हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे गुणसूत्रं जवळपास काळी उठून दिसतात. शाळेच्या झेरॉक्स मशीनवरही असा फोटो तग धरतो, गुलाबी फोटोचा नुसता चिखल होतो.

मोबाइल. मुख्य लेन्सच वापरा. दोनपट झूमने काळं वर्तुळ कापलं जातं, त्यापुढे काही हाती लागत नाही. एचडीआर, नाइट मोड आणि ‘एआय’ सुधारणा बंद. त्या गुणसूत्रांना पांढरी किनार चढवतात. तीन सेकंदांचा टायमर लावा, बोटाच्या धक्क्यानेही ४०एक्सवर प्रतिमा हलते.

खोली. ४०एक्सला एका वेळी मायक्रॉन-दीड मायक्रॉनचाच थर स्पष्ट दिसतो. म्हणून एकाच पेशीचे फाइन फोकसने १ मायक्रॉनच्या टप्प्याने सात-आठ फोटो काढून एकत्र करतात. बऱ्याच मायक्रोस्कोपांत फाइन चकतीचा एक भाग २ मायक्रॉनचा असतो, म्हणजे अर्धा भाग फिरवायचा. पण स्लाइड नीट दाबली असेल तर याची गरज क्वचितच पडते.

एक ठिपका सगळ्या फोटोंत त्याच जागी दिसत असेल तर आयपीस फिरवून बघा. ठिपका फिरला तर धूळ आयपीसवर, नाहीतर कॅमेऱ्यावर. आणि जून ते सप्टेंबर मायक्रोस्कोप कव्हर घालून दमट कपाटात कोंडू नका, लेन्सवर बुरशीची जाळी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, रंग बदलला की पुन्हा तापवून वापरायचं.

---

बावडा_विज्ञान

आयपीस उलटा धरून बघितला, ४०एक्सवर तेल आहेच. धन्यवाद! फोटोखाली ‘४०० पट’ लिहायचं ना? १० गुणिले ४०?

---

मोजपट्टी

नको मॅडम. तो आकडा डोळ्याने आयपीसमधून बघताना खरा. फोटो मोबाइलच्या पडद्यावर वेगळा, प्रोजेक्टरवर वेगळा, ए-३ वर वेगळा. फोटोवर मापरेषा छापा, ती फोटोबरोबरच लहान-मोठी होते.

त्यासाठी स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे काचेवर कोरलेली बारीक मोजपट्टी लागते, १ मिमीचे १०० भाग, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. नसेल तर जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातून रक्तपेशी मोजायचं न्यूबाउअर चेंबर तासाभरासाठी आणा. त्यातल्या सर्वांत लहान चौकोनाची बाजू ०.०५ मिमी, म्हणजे ५० मायक्रॉन. ज्या ऑब्जेक्टिव्हने, ज्या झूमने, ज्या पकडीत पेशींचे फोटो काढता त्याच मांडणीत त्याचा एक फोटो घ्या. समजा पाच चौकोन मिळून २००० पिक्सेल आले, तर २५० मायक्रॉनला २०००, म्हणजे मायक्रॉनला ८ पिक्सेल. २० मायक्रॉनची रेषा १६० पिक्सेलची. इमेजजेमध्ये हे एकदा भरून ठेवलं की पुढच्या सगळ्या फोटोंना लागू. झूम बदललं की मात्र माप रद्द.

आता वर्गातल्या वापराबद्दल. चार अवस्थांचे चार देखणे फोटो एका ओळीत लावले तर ते पुस्तकातल्या आकृतीचं रंगीत रूप होतं, त्यापलीकडे काही नाही. मुलं क्रम पाठ करतात, पेशी ओळखत नाहीत. त्याऐवजी नावं न लिहिलेलं अख्खं दृश्य द्या. जोडलेला ए-३ फोटो, चार जणांत एक, वर पारदर्शक प्लास्टिक आणि पुसता येणारी पेनं. प्रत्येक पेशीवर खूण करायची: ० (विभाजन नाही), १ पूर्वावस्था, २ मध्यावस्था, ३ पश्चावस्था, ४ अंत्यावस्था. कडेला कापल्या गेलेल्या पेशींचा नियम आधीच ठरवा: वरच्या आणि डाव्या कडेच्या मोजायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या. नाहीतर प्रत्येक गटाचा आकडा वेगळा येतो आणि तास त्या भांडणात जातो.

मग हिशोब. उदाहरणादाखल ४०० पेशींत ३६ विभाजनात सापडल्या: २२, ५, ३ आणि ६. विभाजन निर्देशांक ३६ ÷ ४०० × १००, म्हणजे ९ टक्के. पुढचा प्रश्न असा: पश्चावस्था इतकी दुर्मिळ का? मुलं म्हणतात, ‘ती कमी वेळा होते.’ पण प्रत्येक विभाजनात ती एकदा होतेच. मग उत्तर एकच उरतं, ती लवकर उरकते. पेशीचक्र १६ तासांचं धरलं, म्हणजे ९६० मिनिटं, तर ३ ÷ ४०० × ९६० = साधारण ७ मिनिटं, आणि मध्यावस्था १२ मिनिटं. मेलेल्या पेशींच्या स्थिर फोटोतून वेळ मोजता येतो हे कळतं तेव्हा वर्ग गप्प होतो. जत्रेतल्या गर्दीच्या फोटोचा दाखला द्या: पाळण्यापेक्षा भेळेच्या गाड्यावर जास्त माणसं दिसली तर तिथे लोक जास्त वेळ थांबतात. अट एवढीच की पेशी आपापल्या वेळेने, मागेपुढे विभाजित होत असाव्यात. कांद्याच्या मुळीत तसं धरता येतं.

मुलांच्या कुठे चुका होतात ते आधी माहीत असू द्या:

मध्यावस्था नेहमी आडव्या रेषेसारखी दिसत नाही. पेशी ध्रुवाच्या बाजूने दिसत असेल तर गुणसूत्रं वर्तुळात किंवा पुंजक्यात दिसतात आणि मुलं तिला पूर्वावस्था म्हणतात. असा एक फोटो मुद्दाम ठेवा. शेजारी काकडीची चकती ठेवा, कडेने रेषा दिसते, वरून गोल.

उशिराची अंत्यावस्था आणि शेजारी असलेल्या दोन साध्या पेशी यांत गल्लत होते. मधली भिंत पातळ आणि दोन्ही केंद्रकं लहान, गडद असतील तर अंत्यावस्था.

तारा केंद्र (प्राणीपेशीत तुर्कतंतू जिथून निघतात तो ठिपका) कुणालाच सापडत नाही, आणि सापडूही नये. पुस्तकातली आकृती प्राणीपेशीची असते, कांद्याच्या पेशीत तारा केंद्र नसतंच. तुर्कतंतूही या रंगात दिसत नाहीत, कार्माइन ते रंगवत नाही. ‘आकृतीत आहे म्हणून फोटोतही काढून दाखव’ असं जर्नलसाठी करून घेऊ नका. फोटोत जे दिसलं तेच रेखाटलेल्या मुलाला पूर्ण गुण द्यायला हवेत.

---

कुंडीतली_जांभळी

स्थिर फोटो झाल्यावर पुढची पायरी, जिवंत पेशीचं टाइमलॅप्स. कांदा इथे कामाचा नाही, रंगवला की पेशी मेली. घरोघरच्या कुंड्यांत असते ती जांभळ्या पानांची, छोट्या गुलाबी फुलांची ट्रॅडेस्कँशिया घ्या. तिच्या पुंकेसरांवर मण्यांच्या माळेसारखे केस असतात, एका ओळीत एकेक पेशी. दाबावं लागत नाही, रंगवावं लागत नाही.

उमललेलं फूल नको, त्यात विभाजन संपलेलं असतं. उमलायला चार-पाच दिवस असलेली कळी उघडा, पुंकेसर सुईने सोडवा, २ टक्के साखरेच्या पाण्यात ठेवा. केसाच्या टोकाच्या दोन-तीन पेशी बघा. केंद्रक मोठं आणि दाणेदार झालेलं असेल तर तिथेच थांबा. कडा व्हॅसलिनने बंद करा. नेलपॉलिश नको, त्यातलं द्रावक पेशी मारतं. पेशीला रंग नसल्यामुळे इथे आयरिस नेहमीपेक्षा जास्त मिटावी लागते, किंवा कंडेन्सरखाली काळ्या कार्डाने अर्धा उजेड अडवा. तिरप्या प्रकाशात गुणसूत्रं उठून दिसतात.

२० सेकंदांना एक फोटो. तासाभराचे १८० होतात, सेकंदाला १२ ने चालवले की १५ सेकंदांची फिल्म. मध्यावस्थेपासून मधली पेशीपट्टी (दोन नव्या पेशींमधल्या भिंतीची सुरुवात) तयार होईपर्यंत तासाभराच्या आसपास लागतात, म्हणून मध्यावस्थेतली पेशी सापडली तर लगेच सुरू करा. फोकस मधूनमधून हातानेच सुधारत राहावा लागतो. उन्हाळ्यात एसी नसलेल्या खोलीत पेशी अर्ध्यातच थांबते, म्हणून हे काम पहाटे किंवा पावसाळ्यात.

वाल्टर फ्लेमिंगने १८८२ मध्ये सूत्री विभाजनाला मायटोसिस हे नाव दिलं, तेव्हा त्याने रंगवलेल्या पेशींबरोबर सॅलॅमँडरच्या अळीच्या जिवंत पेशीही तासन्‌तास बघितल्या होत्या. रंगवलेल्या पेशीत दिसतं ते रंगाने उमटवलेलं नसून खरंच घडतं, याची खात्री त्यातूनच झाली. मुलांना आधी फिल्म आणि मग कांद्याचा फोटो असा उलटा क्रम ठेवला तर फोटोतल्या पेशी आपसूक ‘थांबलेल्या’ वाटतात.

---

बावडा_विज्ञान

हे सोन्यासारखं आहे, सगळ्यांचे आभार. एकच शेवटचं विचारते. २० ते २५ अंश हवेत म्हणता, म्हणजे मुळ्या थंडीत चांगल्या येणार, आणि आमचा हा धडा नेमका पावसाळ्यात येतो. जानेवारीत फिक्स केलेल्या मुळ्या जुलैपर्यंत टिकतील?

---

मूलाग्र

टिकतात. फिक्सेटिव्हमध्ये तशाच ठेवू नका, कडक होतात. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये घ्या, एकदा बदला, घट्ट झाकणाच्या छोट्या बाटल्यांत फ्रिजमध्ये ठेवा. जेवणाचे डबे ठेवतात त्या फ्रिजमध्ये नव्हे, प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये. जुन्या मुळ्यांना रंगात गरम करायचा वेळ थोडा वाढवा. एका बाटलीत दहा-बाराच मुळ्या, म्हणजे दर वेळी सगळा साठा उघडावा लागत नाही. आणि तारखेची चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. बाहेर पेनने लिहिलेलं अल्कोहोलचा एक ओघळ आला की पुसलं जातं, आणि जुलैत कांदा कुठला आणि लसूण कुठला ते कळत नाही.